पंचगंगेचा गाळ, कृष्णेचे मुख : त्रिभुज प्रदेशाचा किनारा कसा घडतो?

प्रतिनिधी / कोल्हापूर

पावसाळा सुरू झाला, की कोल्हापूरकरांचे लक्ष राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळीकडे लागते. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे येथील शाळकरी मुलांनाही पाठ असतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी तर ही सवय अधिकच पक्की केली. मात्र पाण्याबरोबर वाहून जाणाऱ्या मातीचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. तांबूस, गढूळ झालेली पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. तेथून हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. या प्रवासाच्या शेवटी नदीने हजारो वर्षे माती टाकून स्वतःची जमीन तयार केली आहे. तिलाच कृष्णेचा त्रिभुज प्रदेश म्हणतात. ही जमीन जितकी नदीने घडवली, तितकीच समुद्राने घडवली. आज तिच्या किनाऱ्याची घडण बिघडली आहे आणि त्याची काही कारणे थेट आपल्या खोऱ्यापर्यंत येऊन पोहोचतात.

माती येते कोठून?

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत अवघा ६४ किलोमीटर आहे. तरीही दख्खनचे पठार पूर्वेकडे कललेले असल्याने नदी समुद्राकडे पाठ फिरवून सुमारे १४०० किलोमीटरचा प्रवास करते. तिचे खोरे सुमारे २ लाख ५९ हजार चौरस किलोमीटरचे असून ते महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण व आंध्र प्रदेश या राज्यांत पसरले आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा मुसळधार पाऊस हा या मातीचा पहिला वाहक होय. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी प्रयाग चिखलीला पंचगंगेत एकवटते. श्रद्धेने सरस्वती ही पाचवी नदी मानली जाते. या नद्यांचे पाणलोट क्षेत्र बेसॉल्ट खडकाचे आहे. बेसॉल्टमध्ये गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण नसतात. त्यामुळे तो झिजून मुख्यतः बारीक चिकणमाती तयार होते. पुढे कर्नाटक आणि तेलंगणात नदी ग्रॅनाइट व नाइस या जुन्या खडकांवरून वाहते, तेथे तिला वाळू मिळते. अशा रीतीने मुखाशी पोहोचेपर्यंत नदीच्या ओझ्यात दोन प्रकारचा माल जमतो. एक म्हणजे पाण्यात तरंगत जाणारी बारीक माती आणि दुसरी तळाशी घरंगळत जाणारी वाळू. किनाऱ्याच्या घडणीत या दोहोंची कामे वेगवेगळी असतात.

वाटेत काही माती काठावरच राहते. पूर ओसरल्यावर शिरोळ तालुक्यातील शेतांवर जो थर उरतो, त्यातूनच पिढ्यान्‌पिढ्या मळीची सुपीक जमीन तयार झाली. नृसिंहवाडीत पुरानंतर मंदिर परिसरातील गाळ काढावा लागतो, तोही याच मातीचा भाग असतो. उरलेली माती पुढे जाते, किंबहुना पूर्वी जात असे.

नदीचे काम

नदी वेगात असते तोवर ती माती वाहून नेते. समुद्राशी गाठ पडताच तिचा वेग मंदावतो आणि ओझे खाली पडू लागते. जड वाळू मुखाशीच बसते. बारीक माती आणखी दूर जाते. परंतु खारट पाण्याचा स्पर्श होताच तिचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या बनतात आणि त्याही तळाशी जातात.

मुखाशी साचलेल्या वाळूचा उंचवटा वाढत गेला, की तोच नदीच्या वाटेतील अडसर ठरतो. मग पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी वाट काढते. एका प्रवाहाचे दोन होतात, दोनाचे चार होतात. या फाट्यांना भूगोलात वितरिका म्हणतात. पुराच्या वेळी काठांवरून पाणी ओसंडते, तेव्हा जाडसर माती काठालगत बसून पूरतट तयार होतात आणि पात्र हळूहळू भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच होते. अशा उंचावलेल्या पात्रातून एखाद्या मोठ्या पुरात नदी बाहेर पडते आणि समुद्राकडे जाणारा अधिक जवळचा उतार धरते. जुने मुख ओस पडते, नवे मुख वाढू लागते. त्रिभुज प्रदेशात नदीने पात्र बदलणे हा अपघात नसून त्याच्या वाढीची ती नेहमीची रीत आहे.

या भूरूपाला ‘डेल्टा’ हे नाव नाईल नदीमुळे मिळाले. तिच्या मुखाकडील प्रदेशाचा आकार ग्रीक लिपीतील त्रिकोणी अक्षरासारखा दिसतो. इसवीसनपूर्व पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने हे नाव वापरलेले आढळते. मराठीतील ‘त्रिभुज प्रदेश’ हा शब्दही त्याच त्रिकोणावरून आला. प्रत्यक्षात जगातील अनेक त्रिभुज प्रदेश त्रिकोणी नाहीत. त्याचे कारण समुद्रात आहे.

लाटांचे काम

नदीने आणून टाकलेला माल लाटा जसाच्या तसा राहू देत नाहीत. लाट किनाऱ्यावर तिरकी आदळते, तेव्हा वाळूचे कण तिरके वर चढतात आणि लाट परतताना सरळ उतारावरून खाली येतात. प्रत्येक लाटेगणिक कण थोडा थोडा बाजूला सरकतो. दिवसाकाठी हजारो लाटा येत असल्याने किनाऱ्यालगत वाळूचा जणू एक प्रवाहच वाहत राहतो.

बंगालच्या उपसागराच्या आंध्र किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ही वाळू ईशान्येकडे सरकते. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तिची दिशा उलटते. पहिल्या प्रवाहाचा जोर मोठा असल्याने वर्षअखेरीचा हिशेब ईशान्येच्याच बाजूने झुकतो. सरकणारी वाळू नदीच्या मुखापाशी किंवा किनाऱ्याच्या वळणापाशी पाण्यात पुढे वाढत जाऊन वाळूचा दांडा तयार करते. दांड्याच्या आड उथळ, शांत पाण्याचे क्षेत्र निर्माण होते. तेथे बारीक माती बसते, खारफुटी रुजते आणि कालांतराने पाण्याची जमीन होते.

लाटा अशा रीतीने तोडतात आणि जोडतातही. नदी पुरेशी वाळू देत असेल, तर लाटा ती किनाऱ्यावर पसरून त्याला गोलाई देतात. नदीचा पुरवठा थांबला, तरी लाटांचे काम थांबत नाही. मग त्या आधी साठवलेली वाळू उचलू लागतात.

भरती-ओहोटीचे काम

भरतीचे पाणी दिवसातून दोनदा मुखातून आत शिरते आणि ओहोटीला बाहेर पडते. जेथे भरती-ओहोटीतील अंतर मोठे असते, तेथे या ये-जा करणाऱ्या पाण्याचा जोर नदीच्या प्रवाहापेक्षाही मोठा ठरतो. ते मुखे रुंद करते, नसराळ्यासारखा आकार देते आणि गाळाचे लांबट पट्टे प्रवाहाच्या दिशेत मांडते. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखावरील सुंदरबन हे याचे ठळक उदाहरण आहे. तेथील असंख्य खाड्या आणि खारफुटीने झाकलेली बेटे भरतीनेच कोरली आहेत.

कृष्णेच्या मुखाशी भरती-ओहोटीतील अंतर साधारणपणे दीड मीटरच्या आत असते. त्यामुळे तेथे भरतीचे काम दुय्यम आहे. खाजणे आणि खारफुटीतील ओहोळ यांच्यापुरता तिचा प्रभाव दिसतो.

वादळे आणि समुद्राची पातळी

नदी, लाटा आणि भरती या रोजच्या शक्ती होत. चक्रीवादळ ही क्वचित येणारी, परंतु एका रात्रीत अनेक वर्षांचे काम करणारी शक्ती आहे. बंगालच्या उपसागराचा किनाऱ्यालगतचा तळ उथळ आणि मंद उताराचा आहे. वादळी वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो, तेव्हा ते खाली जाण्यास वाव नसल्याने वर चढते आणि सपाट जमिनीवर दूरपर्यंत पसरते.

१८६४ च्या नोव्हेंबरमध्ये मछलीपट्टणम बंदरावर अशाच लोंढ्याने सुमारे ३० हजार लोकांचा बळी घेतला. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी कृष्णेच्या मुखावरील दिविसीमा भागावर चक्रीवादळ आदळले. पाच मीटरहून उंच पाण्याच्या लोंढ्यात गावेच्या गावे वाहून गेली. सरकारी आकड्यांनुसार दहा हजारांहून अधिक माणसे दगावली. त्रिभुज प्रदेशाची सुपीकता आणि त्याचा धोका ही एकाच सपाटीची दोन रूपे आहेत, याची जाणीव या घटनेने देशाला करून दिली. अशा वादळात किनाऱ्यावरील वाळूचे उंचवटे कापले जातात, दांडे फुटतात, नवी मुखे उघडतात. नदीकडून माल येत असेल, तर पुढील काही वर्षांत ही हानी भरून निघते. येत नसेल, तर जखम कायम राहते.

पाचवी शक्ती सर्वांत संथ आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. हिम वितळले तसा समुद्र वर आला. सात-आठ हजार वर्षांपूर्वी त्याचा वेग मंदावला, तेव्हाच जगातील आजच्या बहुतेक त्रिभुज प्रदेशांची घडण सुरू झाली. नदीचा गाळ वाढत्या पाण्याला पुरा पडू लागला, हे त्यामागील साधे गणित आहे. शिवाय साचलेला मऊ गाळ स्वतःच्याच भाराने दबतो आणि जमीन दरवर्षी किंचित खचते. भूजल, तेल व वायू यांच्या उपशाने हे खचणे वाढते. नव्या गाळाचा थर बसत राहिला, तरच पातळी टिकते. त्रिभुज प्रदेश ही एकदा मिळून कायमची राहणारी जमीन नव्हे. तिची डागडुजी नदीला दरवर्षी करावी लागते.

तीन शक्ती, तीन आकार

विल्यम गॅलोवे या अमेरिकी भूवैज्ञानिकाने १९७५ मध्ये त्रिभुज प्रदेशांची एक वर्गवारी मांडली. ती आजही अभ्यासक वापरतात. कोणत्या शक्तीचा वरचष्मा आहे, त्यावर किनाऱ्याचा आकार ठरतो, हे तिचे सूत्र आहे.

नदीचा वरचष्मा : अमेरिकेतील मिसिसिपी नदी शांत आखातात प्रचंड गाळ टाकते. तिच्या वितरिका समुद्रात लांबवर घुसल्या असून नकाशावर त्यांचा आकार पक्ष्याच्या पावलासारखा दिसतो.

लाटांचा वरचष्मा : ब्राझीलमधील साओ फ्रान्सिस्को नदीच्या मुखाशी लाटांनी सारा माल दोन्ही बाजूंना पसरला आहे. किनारा गुळगुळीत असून त्याला समांतर अशा वाळूच्या टेकाडांच्या ओळी दिसतात.

भरतीचा वरचष्मा : गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी रुंद खाड्या आणि लांबट बेटांचे जाळे आहे.

बहुतेक नद्या या तीन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतात. कृष्णेचा आणि गोदावरीचा त्रिभुज प्रदेश नदी आणि लाटा या दोघांच्या ओढाताणीतून घडला आहे.

कृष्णेच्या मुखाशी

विजयवाड्याच्या पुढे टेकड्या मागे पडतात आणि नदी मोकळ्या मैदानात उतरते. येथेच तिच्या त्रिभुज प्रदेशाचा माथा आहे. समुद्राच्या अलीकडे पुलिगड्डाजवळ तिचे दोन फाटे होतात आणि त्यांच्या मधला भूभाग दिविसीमा या नावाने ओळखला जातो. अवनिगड्डा आणि नागायलंका ही तेथील प्रमुख गावे. आणखी खाली मुख्य प्रवाहाला पुन्हा फाटे फुटून तो अनेक मुखांनी समुद्राला मिळतो. पूर्वेकडील फाट्याच्या मुखावरील हंसलदीवी हे संगमाचे तीर्थस्थान मानले जाते. नकाशावर पाहिल्यास या भागात जमीन समुद्रात पुढे आलेली दिसते. हा पुढे आलेला भाग म्हणजे नदीचा विजय, आणि मुखांच्या बाजूंना असलेले वाळूचे दांडे म्हणजे लाटांनी त्यावर उमटवलेला ठसा होय.

समुद्रापासून आत, शेतांच्या मधोमध, वाळूच्या जुन्या टेकाडांच्या ओळी आढळतात. प्रत्येक ओळ हा एकेकाळचा किनारा आहे. भोवतालच्या भातखाचरांपेक्षा थोडी उंच आणि कोरडी असल्याने अनेक गावे या टेकाडांवरच वसली. कृष्णा आणि गोदावरी यांच्या त्रिभुज प्रदेशांच्या मधला खोलगट भाग म्हणजे कोल्लेरू सरोवर. दोन्ही बाजूंनी गाळ वाढत आला आणि मधला समुद्राचा भाग आत अडकला, असे त्याच्या निर्मितीविषयी मानले जाते.

शेजारची गोदावरी आपल्या त्र्यंबकेश्वरची. तिच्या मुखाच्या उत्तरेला लाटांनी वाहून नेलेल्या वाळूचा सुमारे १६ ते १८ किलोमीटर लांबीचा दांडा तयार झाला आहे. त्याला होप बेट म्हणतात. या दांड्याच्या आडोशामुळेच काकीनाडा बंदराला शांत पाणी मिळाले. परंतु त्याच किनाऱ्यावर थोडे पुढे असलेले उप्पाडा गाव अनेक वर्षांपासून धुपेशी झुंजत आहे. एका ठिकाणी अडलेली वाळू पुढच्या ठिकाणी पोहोचत नाही, हे किनाऱ्याचे जुने सत्य येथे पाहावयास मिळते.

गाळ अडला, किनारा हलला

कृष्णेच्या पाण्यावर मोठे बांधकाम प्रथम झाले ते तिच्या मुखाकडे. ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटन यांच्या पुढाकाराने विजयवाड्याला १८५५ मध्ये बंधारा पूर्ण झाला. पुढे १९५७ मध्ये तेथे प्रकाशम बॅरेज उभे राहिले. सुमारे १३ लाख एकर जमीन या कालव्यांखाली आली आणि दुष्काळाने होरपळणारा प्रदेश भाताचे कोठार बनला. मुखाकडील या बंधाऱ्याने पाणी वळवले, तरी पुराबरोबरचा बराचसा गाळ त्यावरून पुढे जात असे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र वरच्या खोऱ्यात मोठ्या जलाशयांची मालिका उभी राहिली. कोयना, नागार्जुनसागर, श्रीशैलम, नारायणपूर, आलमट्टी ही त्यांतील ठळक नावे. जलाशयात नदीचा वेग जवळजवळ शून्यावर येतो. मुखाशी जे घडायचे, ते जलाशयाच्या तोंडाशीच घडते आणि माती तेथे बसते. प्रत्येक मोठ्या धरणाच्या मागे आता एक छोटा त्रिभुज प्रदेश तयार होत आहे. कोयनेचे तर काही पाणीही वीजनिर्मितीनंतर पोफळीवरून वाशिष्ठीत, म्हणजे अरबी समुद्राकडे जाते.

आंध्र विद्यापीठातील के. नागेश्वर राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या बदलाची आकडेवारी दिली आहे. कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशाच्या माथ्याशी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात वर्षाला सुमारे ९० लाख टन गाळ येत होता. २००० ते २००५ या काळात तो सुमारे ४ लाख टनांवर आला. गोदावरीत १९७० च्या दशकात सुमारे १५ कोटी टन असलेला गाळ २००० नंतरच्या काही वर्षांत पावणेसहा कोटी टनांच्या आसपास उतरला. जुने नकाशे आणि उपग्रह छायाचित्रे यांची तुलना करता, १९६५ नंतरच्या काळात या किनाऱ्यांवर भर पडण्यापेक्षा झीजच अधिक झाल्याचे या अभ्यासकांना दिसून आले. २००९ मध्ये जगातील ३३ त्रिभुज प्रदेशांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. गाळ तुटल्याने आणि जमीन खचल्याने धोक्यात आलेल्या प्रदेशांत त्यात कृष्णेचेही नाव होते.

दुष्काळी वर्षांत प्रकाशम बॅरेजच्या खाली समुद्राकडे पाणी जवळजवळ जातच नाही. याउलट ऑक्टोबर २००९ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तेथील विसर्ग ११ लाख क्युसेकच्या पुढे गेला. म्हणजे पूर अजूनही येतात, मात्र त्यांच्याबरोबर पूर्वीइतकी माती येत नाही. मातीविना आलेला पूर लोकांना हानी देतो आणि किनाऱ्याला पूर्वीचा लाभ देत नाही.

याची किंमत कोण मोजतो? मुखाशी राहणारे मच्छीमार, कोळंबीच्या तळ्यांलगतचे शेतकरी आणि खारे पाणी शिरल्याने विहिरी गमावलेली गावे. खारफुटी तोडून तळी केल्याने वादळापासूनचे उरलेसुरले कवचही पातळ झाले आहे.

हे केवळ कृष्णेचे दुखणे नाही. इजिप्तमध्ये आस्वानचे उंच धरण १९७० मध्ये पूर्ण झाल्यानंतर नाईलच्या रशीद मुखावरील भूशिराची आधीच सुरू झालेली झीज वेगाने वाढली आणि अखेर समुद्रभिंती बांधाव्या लागल्या. अमेरिकेत मिसिसिपीच्या मुखावरील लुइझियाना राज्याने १९३० च्या दशकापासून सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर किनारी जमीन गमावली आहे.

कोकणात त्रिभुज प्रदेश का नाहीत?

गगनबावड्याच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाचे दोन वाटे होतात. अलीकडचे पाणी कुंभीतून पंचगंगेला, म्हणजे अखेर बंगालच्या उपसागराला जाते. पलीकडचे पाणी करूळ आणि भुईबावडा घाटांच्या पायथ्याला उतरून खारेपाटणमार्गे विजयदुर्गच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात जाते. पाऊस एकच, खडक एकच. तरीही पूर्वेला त्रिभुज प्रदेश आणि पश्चिमेला खाडी, असे का?

कोकणातील नद्या आखूड आहेत. सह्याद्री ते समुद्र हे अंतर साधारण ५० ते ६० किलोमीटरचे असल्याने त्यांची खोरी लहान आणि गाळ कमी आहे. हिमयुगानंतर समुद्र वर आला, तेव्हा या नद्यांच्या अरुंद दऱ्या पाण्याखाली गेल्या आणि त्यांच्याच खाड्या झाल्या. आलेला थोडा गाळ आधी या खाड्या भरण्यातच खर्ची पडतो. त्यातून जे मुखाशी पोहोचते, ते पावसाळ्यातील दांडग्या लाटा पसरवून टाकतात. खारेपाटणसारखे जुने बंदर आज समुद्रापासून दूर, आतल्या भागातील गाव वाटते, ते या खाड्या गाळाने उथळ होत गेल्यामुळेच.

केवळ लांबी हे कारण नसते, हे नर्मदा आणि तापी दाखवून देतात. या नद्या लांब आहेत; परंतु खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतील अंतर काही ठिकाणी दहा मीटरपर्यंत जाते. तेथे मुखाशी गाळ टिकत नाही.

कोकणात लाटांच्या कामाचे उदाहरण मात्र हाकेच्या अंतरावर आहे. मालवण तालुक्यातील देवबाग हे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधील वाळूच्या अरुंद दांड्यावर वसलेले गाव. कोल्हापूरहून तारकर्लीला जाणाऱ्या पर्यटकांना तेथील किनारा परिचित आहे. एका बाजूने लाटा आणि दुसऱ्या बाजूने नदी अशा कात्रीत हे गाव सापडले असून धुपेपासून बचावासाठी तेथे दगडी बंधारे घालावे लागले आहेत. कर्लीच्या मुखातील वाळूचे बेट २००४ च्या त्सुनामीनंतर वर आले, असे स्थानिक सांगतात. त्यामुळे ते ‘त्सुनामी आयलंड’ नावाने प्रसिद्ध झाले. नदीमुखाची वाळू स्थिर नसते, हे समजण्यासाठी आंध्रपर्यंत जाण्याची गरज नाही.

काय करता येईल?

धरणे नकोत, असा याचा अर्थ नाही. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीला धरणाचे काम हाती घेतले नसते, तर कोल्हापूरच्या शेतीचे आजचे चित्र दिसले नसते. प्रश्न गाळाला वाट ठेवण्याचा आहे. या बाबतीत आपल्याच जिल्ह्याच्या नावाने ओळखले जाणारे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे विचार करण्याजोगे आहेत. त्यांचे बरगे पावसाळ्यापूर्वी काढले जातात. पुराचे पाणी आणि माती दोन्ही मोकळी निघून जातात, आणि पावसाळा संपताना बरगे बसवून पाणी अडवले जाते. मोठ्या धरणांना हा उपाय जसाच्या तसा लागू पडत नाही. तथापि पुराच्या पहिल्या, सर्वाधिक गढूळ पाण्याला खालच्या दारांतून वाट देणे काही ठिकाणी शक्य असते. चीनने पीत नदीवर २००२ पासून जलाशयांतून ठरावीक काळात जोराचे पाणी सोडून गाळ पुढे ढकलण्याचा प्रयोग चालवला आहे.

महाराष्ट्रात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून तलावांतील गाळ शेतात नेला जातो. त्याने साठवण वाढते आणि जमीन सुधारते. समुद्रकिनाऱ्याच्या वाट्याला मात्र त्यातून काही येत नाही. पात्रातील वाळूउपसा आटोक्यात ठेवणे, मुखाशी खारफुटी राखणे आणि सरकत्या किनाऱ्यावर पक्की बांधकामे टाळणे हे उपाय त्याला जोडावे लागतील.

कृष्णेच्या पाण्याचा हिशेब बारकाईने झालेला आहे. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी पाणी दिले. त्या पाण्यावरून राज्ये अजूनही न्यायालयात भांडतात. गाळाचा वाटा मात्र कोणीच मागितला नाही आणि कोणाला तो दिलाही गेला नाही. खोऱ्याच्या नियोजनात टीएमसीच्या रकान्याशेजारी टनांचा एक रकाना आला, तर मुखावरच्या गावांचा प्रश्न निदान कागदावर तरी येईल.

दृष्टिक्षेपात

- कृष्णेची लांबी : सुमारे १४०० किलोमीटर
- खोऱ्याचे क्षेत्रफळ : सुमारे २ लाख ५९ हजार चौरस किलोमीटर
- उगम : महाबळेश्वर, मुख : हंसलदीवी परिसर, आंध्र प्रदेश
- पंचगंगेचा संगम : नृसिंहवाडी, ता. शिरोळ
- किनारा घडवणाऱ्या शक्ती : नदी, लाटा, भरती-ओहोटी, वादळे, समुद्रपातळीतील बदल

संज्ञा

- वितरिका : मुख्य नदीपासून फुटून स्वतंत्रपणे समुद्राला मिळणारा फाटा
- पूरतट : पुराच्या गाळाने काठालगत तयार झालेला नैसर्गिक बांध
- वाळूचा दांडा : एका टोकाने किनाऱ्याला जोडलेला आणि पाण्यात पुढे वाढलेला वाळूचा पट्टा
- खाजण : दांड्याच्या आड अडकलेले उथळ खारे पाणी
- खाडी : भरतीचे पाणी जेथवर आत शिरते, तो नदीमुखाचा भाग